दुखापत झालेल्याला खेळवायचं का?

आपल्या मुलाला कोच खेळायला सांगतो, तेव्हा घरचे सहसा बोलत नाहीत. कोचला कळतं, असं आपण धरून चालतो. यासाठी एक सामना आठवण्यासारखा आहे.

२४ मे २०१४, लिस्बन. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिको माद्रिदची मदार दिएगो कोस्टावर होती. त्या मोसमात स्पॅनिश लीगमध्ये त्याने २७ गोल केले होते. पण आठवडाभर आधीच त्याच्या मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुखावला होता. घोडीच्या वारेपासून केलेल्या औषधासाठी तो बेलग्रेडला गेल्याच्या बातम्या छापून आल्या. (आपल्याकडे शीर बसवून देणारे असतात, तिकडे हे.) प्रशिक्षक सिमेऑने यांनी त्याला सुरुवातीपासून उतरवलं. नवव्या मिनिटाला तो बाहेर आला.

तेव्हा तीनच खेळाडू बदलता येत. त्यातला एक बदल असा गेला. ९३ व्या मिनिटाला रिआल माद्रिदने बरोबरी केली. जादा वेळेत अ‍ॅटलेटिकोचा एक बचावपटू लंगडत होता, पण बदलीची सोय उरली नव्हती. सामना ४-१ ने गेला. निर्णय आपला होता, हे सिमेऑने यांनी नंतर मान्य केलं.

कोण कुठे खेळेल, हे कोचनेच ठरवावं. स्नायू भरून आला की नाही, हे मात्र त्याच्या नजरेवर सोडू नये. त्याला सामना जिंकायचा असतो. "बरा आहेस ना?" असं त्याने विचारलं, की जागा जाईल या भीतीने कोणताही मुलगा "हो" म्हणतो.

हॅमस्ट्रिंग फसवा असतो. चार-पाच दिवसांत चालताना दुखणं थांबतं, पण तुटलेले तंतू जुळलेले नसतात. जोरात पळताना पाय पुढे फेकला, की तिथेच पुन्हा ताण येतो. थोडं फाटलं असेल तरी दोन-तीन आठवडे लागतात, जास्त असेल तर महिने. दुखणं दबवणारी गोळी घेऊन मैदानात उतरणं म्हणजे पायाचं म्हणणं न ऐकणं. पूर्ण वेगाने पळून, अचानक थांबून, वळून दुखत नाही ना, हे आधी सरावात पाहावं. सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत दाखवावं.

डोक्याला मार लागून मुलगा गोंधळला, ओकला किंवा क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर कोच काहीही म्हणो, त्या दिवशी खेळ बंद, आणि लगेच दवाखाना.