रोमच्या पाइनवनातला अमेरिकन पाहुणा

4 जून 1944 रोजी अमेरिकेचं पाचवं सैन्य रोममध्ये शिरलं. शहराच्या नैर्ऋत्येला, समुद्राकाठी कास्तेलपोर्त्सियानो हे राजघराण्याचं शिकारीचं रान होतं. तिथे या सैन्याचा तळ पडला.

सैन्य पुढे गेलं, पण त्याच्या सामानाच्या लाकडातून आलेली एक बुरशी मागे राहिली.

या रानात आणि आसपासच्या किनाऱ्यावर माणसानं लावलेली पाइनची बनं आहेत. छत्रीसारखा माथा असलेल्या या झाडांच्या बिया इटालियन स्वयंपाकात आवडीनं वापरतात. आपल्या चिलगोज्याचीच ही जातकुळी. बुरशीला असं बन म्हणजे आयती सोय. झाड तोडलं, की उरलेल्या ओल्या खुंटावर तिचे बीजाणू वाऱ्यानं येऊन पडतात. खुंटातून ती मुळांत उतरते आणि जिथे दोन झाडांची मुळं एकमेकांना चिकटलेली असतात, तिथून शेजाऱ्याकडे जाते. म्हणून झाडं एकेकटी मरत नाहीत, गटानं मरतात आणि बनात मोकळी खिंडारं पडतात. खोडाच्या तळाशी, पाचोळ्याआड, वरून तपकिरी आणि खालून फिकट, बारीक छिद्रांची फळी उगवते.

युरोपात हिची देशी भावंडं आधीपासून होती, दिसायला जवळजवळ तशीच. त्यामुळे ही परकी आहे हे साठ वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

2004 मध्ये पाओलो गोंतिए, मात्तेओ गार्बेलोत्तो आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला. तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या बुरशीशी जुळला. लागण झालेलं लाकूड उतरताना अर्थातच कुणी पाहिलेलं नाही. सैन्याचा तळ आणि बुरशीचं ठाणं एकाच जागी, हाच काय तो पुरावा. पण तो पटण्याजोगा आहे. तिला ‘हेटरोबॅसिडियन इर्रेग्युलारे’ हे वेगळं नाव 2010 मध्ये मिळालं. तोवर रोमभोवतीच्या लात्सिओ प्रांताच्या किनाऱ्यावर तिनं बराच मुलूख काबीज केला होता.

लावलेल्या पाइनपुरतीही ती थांबली नाही. ओकच्या नैसर्गिक जंगलातही ती आढळली. शिवाय देशी भावंडाशी तिचा संकर होऊ लागला. ताज्या खुंटांवर औषध मारून नवी लागण रोखता येते. दोघींचे मिसळलेले जनुक मात्र आता वेगळे करता येत नाहीत.