पगाराची फाइल बँकेत पाठवण्यापूर्वी

महिनाअखेर जवळ आली की शाळा, कारखाने आणि सहकारी संस्था यांच्या लेखा विभागात एक काम हमखास सुरू होते. शे-दोनशे कर्मचाऱ्यांची नावे, खाते क्रमांक, आयएफएससी संकेतांक आणि वेतनाच्या रकमा एक्सेलच्या तक्त्यात मांडायच्या, तो तक्ता बँकेने दिलेल्या नमुन्यात बसवायचा आणि इंटरनेट बँकिंगद्वारे एकगठ्ठा अपलोड करायचा. पूर्वी ज्या कामासाठी धनादेशांवर सह्या करण्यात अर्धा दिवस जात असे, ते आता काही मिनिटांत उरकते. तथापि, फाइलीत चूक राहिली असेल तर तीही तितक्याच वेगाने शे-दोनशे घरांपर्यंत पोहोचते.

या संदर्भात एक नियम अनेक ग्राहकांना आजही ठाऊक नसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या निर्देशांनुसार एनईएफटी, आरटीजीएस यांसारख्या इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणात रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा केली जाते. फाइलीत लिहिलेले नाव आणि त्या खात्यावरील नाव यांची जुळणी जमा करताना होईलच असे नाही. अचूक क्रमांक पुरवण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची आहे. क्रमांक अस्तित्वातच नसेल तर रक्कम परत येते, आणि ती चूक एका अर्थी उपकारीच म्हणायची. खरा घोर आहे तो चुकीचा क्रमांक दुसऱ्याच कोणाचा तरी निघण्याचा. मग ती रक्कम परत मिळवणे हे त्या खातेदाराच्या सहकार्यावर आणि बँका-बँकांमधील पत्रव्यवहारावर अवलंबून राहते. इकडे कर्मचाऱ्याचा घरकर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला वटायचा तो थांबत नाही.

चुकांचे मूळ बहुधा संगणकाच्या एका सवयीत सापडते. खाते क्रमांक दिसतो अंकांचा, पण त्याची कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही. तो वस्तुतः खात्याचे नाव आहे. कार्यालयातील दूरध्वनीच्या विस्तार क्रमांकाचेही तसेच आहे. कर्मचाऱ्यांच्या व्हॉइसमेलची खाती एकाच फाइलीवरून उघडताना ०२४५ चा २४५ होतो, तो याच कारणाने. एक्सेलला हा भेद आपणहून कळत नाही. अंक दिसले की ती त्यांना संख्या मानते आणि संख्येच्या आरंभीचे शून्य निरर्थक म्हणून काढून टाकते. याहून गंभीर गोष्ट लांब क्रमांकांच्या बाबतीत घडते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. आपल्याकडे काही बँकांचे खाते क्रमांक ११ अंकी, काहींचे १५, तर काहींचे १६ अंकी आहेत. १२३४५६७८९०१२३४५६ असा सोळा अंकी क्रमांक साध्या चौकटीत टंकला की शेवटचा ६ जाऊन तेथे शून्य येते. पडद्यावर तर दशांश चिन्ह आणि इंग्रजी 'ई' अक्षर असलेले आखूड रूप दिसते. ते पाहून रकाना रुंद केला वा नंतर त्याचे स्वरूप 'टेक्स्ट' केले, तरी गेलेला अंक परत येत नाही.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करायला हवा. कोरा तक्ता उघडताच खाते क्रमांकाचा संपूर्ण रकाना निवडून 'फॉरमॅट सेल्स'मध्ये 'टेक्स्ट' ठरवावा आणि मगच क्रमांक भरावेत. तयार झालेली सीएसव्ही फाइल पुन्हा पाहायची असल्यास ती दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नये. उघडताच तीच रूपांतरे पुन्हा होतात आणि 'सेव्ह' केल्यास ती कायम होतात. नोटपॅडमध्ये पाहावी. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ही आपोआप होणारी रूपांतरे बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये दिली. मात्र कार्यालयातील जुन्या आवृत्त्यांत ती नसते. या सवयीचा त्रास केवळ लेखापालांनाच झाला असे नाही. काही जनुकांची लघुनामे एक्सेल सप्टेंबर वा मार्चमधील तारखा समजून बदलत असे. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. शास्त्रज्ञांनी हात टेकले तेथे लेखा विभागाने सावध राहिलेले बरे!

आयएफएससी संकेतांकात अकरा अक्षरे-अंक असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या स्थानी नेहमी शून्य, उरलेली सहा स्थाने शाखेची. त्या शून्याच्या जागी 'ओ' हे अक्षर टंकणे ही नेहमीची चूक. दुसरी चूक उंदीर अर्थात माउस करतो. एकाच शाखेत सर्वांची खाती असल्यामुळे पहिल्या ओळीतील संकेतांक खाली ओढला जातो आणि एक्सेल तो प्रत्येक ओळीत एकाने वाढवत नेते. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांचे चार बँकांत एकत्रीकरण झाले आणि विलीन झालेल्या बँकांचे जुने संकेतांक पुढे बदलले. जुन्या याद्यांत ते अजूनही दडलेले आढळतात.

रकमेत स्वल्पविराम नको. सीएसव्ही फाइलीत स्वल्पविराम हीच रकान्यांची सीमा असल्याने १,२५,००० चे तीन तुकडे होऊ शकतात. तळाशी बेरजेची ओळही नको, कारण यंत्रणा तिलाही एक लाभार्थी समजू शकते.

आता सर्वांत घातक चुकीकडे वळू. यादी नावानुसार लावायची म्हणून कोणी केवळ नावांचा रकाना निवडतो आणि 'सॉर्ट' करतो. एक्सेल शेजारचे रकानेही घ्यायचे का असे विचारते, पण घाईत नको ते बटण दाबले जाते. नावे हलतात, खाते क्रमांक जागचे हलत नाहीत. प्रत्येक नाव खरे, प्रत्येक क्रमांक खरा, जोड्या मात्र मोडलेल्या. नोंदींची संख्या जुळते, एकूण रक्कम जुळते. पूर्वीच्या संगणक विभागांत ताळ्यासाठी खाते क्रमांकांचीही बेरीज घेत असत. एरवी निरर्थक असलेली ही बेरीज एखादा अंक बदलला तर लगेच सांगे. येथे तीही जुळते! कोणताही क्रमांक अवैध नसल्यामुळे बँकेची यंत्रणाही फाइल स्वीकारते.

ही चूक पकडायची तर जोडीच तपासावी लागते. प्रत्येक कर्मचाऱ्याला अक्षरयुक्त संकेतांक असावा. तो आणि खाते क्रमांक एकत्र जोडून एक वेगळा रकाना करावा आणि गेल्या महिन्याच्या मंजूर फाइलीतील तशाच रकान्याशी ताडून पाहावा. जी जोडी जुन्या फाइलीत सापडत नाही, ती एकतर नवी नेमणूक, किंवा खातेबदल, किंवा चूक. अशा मोजक्या ओळी पासबुकाच्या वा रद्द केलेल्या धनादेशाच्या प्रतीवरून अंक न् अंक वाचून तपासाव्यात. नुसत्या खाते क्रमांकावर 'काउंटइफ' हे सूत्र वापरून ताडणी करू नये. सोळा अंकी क्रमांकांत ते शेवटच्या अंकाकडे दुर्लक्ष करते आणि दोन भिन्न खाती एकच ठरवते. 'व्हीलुकअप'मध्येही चौथी अट लिहायची राहिली तर नेमक्याऐवजी जवळपासची ओळ उचलली जाते.

बनवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा ही बँकेतील पद्धत ग्राहक संस्थांनीही पाळावी. मंजुरी देणाऱ्याने पडद्यावरची एकूण रक्कम पाहून 'ओके' म्हणणे म्हणजे तपासणी नव्हे, हे वरील उदाहरणावरून दिसून येईल.

नव्या खात्यांसाठी आता आणखी एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२४ च्या निर्देशांनुसार एनईएफटी आणि आरटीजीएस व्यवहारांत पैसे पाठवण्यापूर्वी खात्यावरील नाव पाहण्याची सुविधा १ एप्रिल २०२५ पर्यंत विनाशुल्क उपलब्ध करून देण्यास बँकांना सांगण्यात आले. खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला की लाभार्थ्याच्या बँकेतील नोंदीवरून नाव दिसते. इंटरनेट व मोबाइल बँकिंगप्रमाणेच शाखेत येऊनही ही विचारणा करता येते. नवा कर्मचारी रुजू झाला त्याच आठवड्यात ती करून घ्यावी. पगाराच्या आदल्या संध्याकाळी दोनशे ओळी समोर असताना नवी नावे पडताळण्यास सवड मिळत नाही.