पोरं मोठी झाली, आपलं काय?

रोजच्या जगण्यात डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. एसटीत शेजारचा माणूस आवाज मोठा करून मोबाईल बघत बसतो. 'पाचच मिनिटं' म्हणून माइक घेतलेला पाहुणा पाऊण तास बोलतो. आमच्यासारख्याला तर लोक विचारतात, "कविता ठीक, पण काम काय करता?" हे सगळं हसून सोडून देता येतं. पण एक त्रास असा आहे, की तो देणाऱ्याला त्रास वाटतच नाही. त्याला ती माया वाटते.

मागे एका महाविद्यालयात काव्यवाचन स्पर्धेला परीक्षक होतो. संध्याकाळी फोन आला, "सर, आमच्या पोराचा नंबर कसा आला नाही?" पोरगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. म्हटलं, "त्यालाच फोन द्या की." तर म्हणाले, "तो लाजतो, सर."

कायदा काय म्हणतो बघा. १८७५च्या कायद्यापासून आपल्याकडे साधारणपणे अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. १९८९पासून त्याच वयात मतदानाचा हक्क आहे. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येते. म्हणजे पोरगा गावचा सरपंच होऊ शकतो, पण त्याचा परीक्षेचा फॉर्म बाप भरतो! अमेरिकेत १९७४च्या कायद्यानं महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे गुण साधारणपणे त्याच्या संमतीशिवाय आईबापांनाही दाखवता येत नाहीत.

आमचे अब्बा सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाटकरी होते. मी बी.ए.ला निघालो तेव्हा औंढ्याच्या स्टँडवर परभणीच्या गाडीत बसवून ते म्हणाले, "बेटा, आता तुझं तू बघ." महिन्याला एक पत्र. त्यांची माया कमी होती असं नाही. दुसरा इलाजच नव्हता. आज हातात फोन आहे. फीसाठी कुणी सोयाबीन विकलेलं असतं, कुणी कर्ज काढलेलं असतं. ऑनलाइन प्रवेशात एक तारीख चुकली तर वर्ष जातं. म्हणून आईबाप धास्तावलेले असतात, आणि ती धास्ती खोटी नाही.

मीही त्यातलाच. लेक परगावी एम.ए. करते. तिला अंतर्गत परीक्षेत गुण कमी पडले, म्हणून तिला न विचारता मी तिच्या प्राध्यापकांना फोन लावला. ते नीट बोलले. रात्री लेक म्हणाली, "अब्बा, उद्या त्यांच्यासमोर मला बसायचंय, तुम्हाला नाही." त्यानंतर दोन महिने विचारलं की एकच उत्तर, "सगळं ठीक आहे." तिची खबर राहावी म्हणून फोन केला, आणि खबरच बंद झाली.

मग लक्ष घालायचंच नाही का? तसंही नाही. २००९मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं रॅगिंगविरोधी नियम केले, तेव्हा विद्यार्थ्याबरोबर पालकांकडूनही हमी मागितली. आजारपण, रॅगिंग, कुणाची दहशत, पोरगं खचून गप्प गप्प राहणं, अशा वेळी आईबापांनी धावलंच पाहिजे. पण गुण, हजेरी, रजेचा अर्ज, मित्रांशी झालेलं भांडण हे त्यांचं त्यांनी निस्तरावं. सरांच्या खोलीत जाऊन "माझा पेपर पुन्हा बघता का?" असं विचारणं हासुद्धा एक धडा आहे. तो आपण दिला तर पोरगं त्यात नापास होतं.

आमच्या पूर्णा नदीवर वर येलदरीचं धरण आहे आणि खाली सिद्धेश्वरचं, दोन्ही १९६८ची. येलदरी पाणी सोडतं, सिद्धेश्वर ते अडवतं आणि कालव्यांतून रानोरान पोचवतं. कुठल्या चारीला किती पाणी द्यायचं, हे बघायला येलदरी खाली येत नाही. पण उन्हाळ्यात खालचं पाणी आटलं, की वरून सोडावंच लागतं.

आता लेकीचा फोन आला की मी आधी विचारतो, "नुसतं ऐकू, की काही करू?" बहुतेक वेळा ती म्हणते, "नुसतं ऐका." ऐकताना हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू? पण परवा तिनं आपण होऊन सांगितलं, "अब्बा, एका विषयात राहिले." मला वाईट वाटलं. आणि तिनं ते मला सांगितलं, याचं बरंही वाटलं.