पावसाचा थेंबही पडण्याआधी विजेचा धोका. झाडाचा आडोसा ठरतो जीवघेणा

मार्च ते मे या मान्सूनपूर्व काळात देशाच्या अनेक भागांत दुपारनंतर मेघगर्जनेसह वादळी पाऊस होतो. पश्चिम बंगालमध्ये त्याला ‘कालबैसाखी’, तर महाराष्ट्रात ‘वळीव’ म्हणतात. तापलेल्या जमिनीलगतची दमट हवा वेगाने वर चढते आणि पाहता पाहता १० ते १५ किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

ढगाच्या गोठणबिंदूखालील थरांत हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युतभारित होतात. हलके हिमकण धनभार घेऊन माथ्याकडे जातात. जड गारांसोबत ऋणभार खाली साचतो. हा ताण हवेला पेलवेनासा झाला की वीज कोसळते. तिच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून स्फोटासारखी प्रसरण पावते. गडगडाट होतो तो यामुळेच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये नैसर्गिक आपत्तींत ८,०६० जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी २,८८७ जण वीज पडून दगावले. शेतात काम करणाऱ्यांना हा धोका सर्वाधिक असतो. आभाळ भरून आले की भिजू नये म्हणून जवळचे झाड गाठले जाते आणि तिथेच घात होतो. उंच झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसाकडे झेपावते, मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर अधिक असल्याने जमिनीतला प्रवाह त्यांच्या शरीरातून जातो. एकाच झाडाखाली अनेक जनावरे एकदम मरतात ती यामुळे.

पाऊस सुरू झाल्यावर निघू, हा हिशेब चुकीचा आहे. वीज पावसाच्या क्षेत्रापासून दहा किलोमीटर दूरही पडू शकते. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर तत्काळ पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते. अर्थात, शिवारात पक्का निवाराच नसेल तर तिचा उपयोग तोकडा पडतो. अशा वेळी झाडे व विजेच्या खांबांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे मुळीच होऊ नये.

वीज पडलेल्या व्यक्तीच्या अंगात प्रवाह उरत नाही. तिला हात लावणे सुरक्षित असते. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वासोच्छ्वास त्वरित सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.