फाळक्यांचा पंधरवडा

सिनेमावाल्यांच्या गप्पांत हटकून निघणारी एक गोष्ट म्हणजे दादासाहेब फाळके लंडनला जाऊन पंधरा दिवसांत सिनेमा शिकले. तारखा बघितल्या तर खोटं नाही. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला उतरले. ओळखदेख नसताना ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना गाठलं, त्यांच्या शब्दावर सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत शिरले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परतले.

पण पाटी कोरी कुठे होती? वय चाळिशीपुढचं. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी, गोध्र्याला स्वतःचा स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, त्यानंतर छापखाना. मधल्या काळात ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही. फाळके उलटं वाचा, केळफा! काचेवर चित्र उमटवण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाला डार्करूम नव्याने काय समजावणार? हेपवर्थकडे शिकायचं उरलं होतं ते चित्र हलवण्याचं तंत्र. काय दाखवायचं तेही घरूनच ठरलेलं. गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा बघताना आपल्या मनात राम-कृष्ण, गोकुळ-अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

परत आल्यावर प्रश्न पैशाचा. भांडवल देणाऱ्याला सिनेमा म्हणजे काय हे तोंडाने सांगून पटेना. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी फिल्म फिरवत राहिले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल झाला. पैसे निघाले. मला विचाराल तर ही करामत फोटोग्राफरइतकीच जादूगाराची. मधला वेळ प्रेक्षकाच्या नजरेआड कसा करायचा, हे केळफांना आधीच ठाऊक होतं.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंची गोष्ट वेगळी. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकं नसायची. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, मध्येच चादर धरून उन्हाचा उजेड नटांवर टाकायचा आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायची. भोक जरा सरकलं की पडद्यावर चित्र उड्या मारणार. त्यांनी सिनेमा शिकून घेतला तो घरकाम सांभाळून, आणि त्यांचं नाव आजही या किश्शाच्या शेवटी येतं, हे मला खटकतं.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मूकपट, पाट्या इंग्रजी आणि हिंदी. न वाचता येणारेही रमले, कारण हरिश्चंद्राचं आख्यान कीर्तनात ऐकून पाठ होतं. हरिश्चंद्राची राणी तारामती झाले होते साळुंके, ग्रँट रोडच्या हॉटेलातले आचारी. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक चपला काढत. राम आणि सीता, दोन्ही साळुंकेच होते.