राणीछाप रुपया मुशीत जाण्याआधी

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे एखाद-दोन रुपये, म्हणजेच राणीछाप, मांडले जातात. हळदकुंकू वाहून झाले की ते पुन्हा वर्षभरासाठी डब्यात जातात. लग्न निघाले, दुखणे आले, भावाभावांत वाटण्या झाल्या की त्यातले काही सराफाकडे मोडले जातात. बुलढाणा जिल्ह्यात हे अधिकच सहज घडते, कारण शुद्ध चांदीसाठी नावाजलेली खामगावची पेठ इथे हाताशीच आहे. चांदीचा भाव चढला की जुना रुपया म्हणजे चांदीचा एक तुकडा, एवढाच हिशोब उरतो. ब्रिटिश काळातली नाणी जमवण्याचा छंद असणारे लोकही बहुतेक वेळा दुर्मीळ सनाच्या मागे असतात आणि घरोघरी सापडणारा रुपया ‘सामान्य’ म्हणून बाजूला सारतात. मला हे दोन्ही हिशोब अपुरे वाटतात. या जिल्ह्यात जमवण्याजोगे काही असेल तर तो हाच सामान्य रुपया आहे, पण तो कुठल्या घरातून, कशाच्या मोबदल्यात आला, त्या माहितीसकट.

हा रुपया म्हणजे काय, ते आधी पाहू. 1835 पूर्वी हिंदुस्थानात नाना तऱ्हेचे रुपये चालत. प्रत्येकाचे वजन आणि कस निराळा, त्यामुळे गाव बदलले की सराफ बट्टा कापून घेई. आपण नावाला बट्टा लागला म्हणतो, तो शब्द याच व्यवहारातला. 1835 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या साऱ्या मुलखात एकच रुपया आणला : वजन सुमारे 11.66 ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै अशी त्याची विभागणी होती. चवली, पावली, अधेली ही सारी त्याचीच पिल्ले. यंत्रावर पाडलेला म्हणून त्याला लोक ‘कलदार’ म्हणू लागले. 1853 मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले आणि इथला कारभार इंग्रजांकडे गेला. पण जिल्ह्याच्या दक्षिणेला, जालन्याच्या बाजूला, निजामाचे राज्य तसेच राहिले आणि तिथे त्याचा हाली सिक्का स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालत होता. सहा कलदारांना सात हाली हा नेहमीचा दर. देऊळगाव राजाच्या व्यापाऱ्याला जालन्याच्या बाजारात जायचे तर दोन रुपयांचा हिशोब डोक्यात ठेवणे भाग होते. एकाच घराच्या डब्यात कलदार आणि हाली शेजारी शेजारी सापडले, तर ती जोडी त्या घराचा व्यापार कुठवर पोचला होता ते सांगते. बाजारभावाच्या पुस्तकात अशा जोडीची किंमत लिहिलेली नसते.

दुसरा पुरावा कापसाचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1867 मध्ये मलकापूर, शेगाववरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली आणि 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. आता त्या काळातला रुपया हातात घ्या. त्यावर बहुधा 1862 असेल. पण सरकारने 1862 हाच सन पुढे 1874 पर्यंत रुपयावर कायम ठेवला होता, आणि मुंबईच्या टांकसाळीने वर्षे ओळखू यावीत म्हणून बारीक ठिपके वापरले. म्हणजे 1862 चा म्हणून डब्यात पडलेला रुपया प्रत्यक्षात खामगावला रेल्वे आली त्या वर्षी पाडलेला असू शकतो. भिंग घेऊन ठिपके मोजणे हा या छंदातला खरा आनंद आहे. त्यातून, युद्ध संपून कापसाचा भाव कोसळल्यानंतरही इथे नवी चांदी येत राहिली का, यासारख्या प्रश्नाचा माग लागतो. मात्र त्यासाठी एका गावातले बरेच रुपये, त्यांच्या घरांच्या नोंदींसह, एकत्र पाहायला मिळाले पाहिजेत. एकट्यादुकट्या रुपयावरून असे काही ठरवता येत नाही.

हे रुपये घरात का टिकले, याचेही कारण आहे. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की 1917 मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि 1947 चा रुपया तर निकेलचा निघाला. लोकांनी जे साऱ्या जगात होते तेच केले. हलक्या कसाचा रुपया खर्चला आणि चांगल्या कसाचा रुपया जमिनीत, कणगीत, नाहीतर गळ्यातल्या माळेत जपला. बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांत नाणी ओवलेली दिसतात ती याच बचतीची खूण. कडी डागलेल्या रुपयाला संग्राहक नाक मुरडतात, कारण नाणे ‘बिघडले’. मला तो उलट अधिक बोलका वाटतो, कारण तो कुणाच्या तरी अंगावर वावरलेला असतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला पैशाचा. अडचणीतल्या कुटुंबाने इतिहासासाठी चांदी का अडकवून ठेवावी? ठेवू नये. गरज असेल तर मोडावी, त्यात काही गैर नाही. मात्र जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे व्यवहार आणि शुल्काची मागणी होत असल्याचा इशारा खुद्द बँकेने 2021 मध्ये दिला होता. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया दुर्मीळ आहे खरा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि बहुतेक नाणी वितळवली गेली. पण असे अपवाद थोडे. बाकीचा बहुतेक रुपया चांदीच्या भावाहून फार वर जात नाही, हे छंद लागण्याआधीच समजलेले बरे. दुसरा आक्षेप असा की ही गुलामीची निशाणी, ती कौतुकाने का जपायची? कौतुकाने जपू नकाच. शेतसारा रोखीत भरावा लागे, त्यासाठी शेतकरी कापूस विकून हाच रुपया मिळवत असे, आणि 1902 च्या करारानंतर वऱ्हाडाच्या कायमच्या पट्ट्यापोटी वर्षाला 25 लाख रुपये निजामाला जात होते. राणीचा मुखवटा नको म्हणून रुपया वितळवला, तर त्या वसुलीचा हातात धरता येण्याजोगा पुरावाही त्याच मुशीत जातो.

जपायचे तर थोडी शिस्त हवी. चिंच, राख, पितांबरी लावून नाणे घासू नये. वरचा काळपट थर गेला की बारीक ठिपके पुसट होतात आणि किंमतही उतरते. जुना वाडा पाडताना, खणताना गुप्तधन सापडले तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी धाडता येत नाही. ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्राची संस्था आहे. पण पहिले काम घरातच होण्यासारखे आहे. रुपया मोडायला खामगावला नेण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला तो कुणाचा, कधी आला, ते विचारा. ती सांगेल ते गावाच्या नावासह कागदावर उतरवा आणि नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो त्या कागदासोबत ठेवा.