साताऱ्याच्या छावणीत कोण होतं?

दुसऱ्या महायुद्धातले सांगली-साताऱ्याचे कैदी म्हटलं की आपल्याला २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा पाटील आठवतात. आठवायलाच हवेत. पण त्याच काळात इंग्रजांनी साताऱ्यातही परकीयांची छावणी ठेवली होती. तिथं जर्मन कुटुंबं होती, आणि हिटलरच्या जाचातून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासितही. कागदोपत्री मात्र सगळेच ‘शत्रू देशाचे नागरिक’! इतिहास नुसत्या सरकारी कागदावरून लिहिला की हिटलरचा देश आणि हिटलरचे बळी एकाच शिक्क्याखाली जातात. आपल्या इतिहासाला न्याय मिळावा असं आपण म्हणतो ना? मग दुसऱ्यांचं दुःख वाचतानाही मुलांना विचारायला शिकवूया: हे लिहिलं कुणी, आणि आतल्या माणसाला विचारलं होतं का?